सरकारी नोकरीतील लोकसेवक : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कोलकाता येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मालेत मला न्यायमूर्ती रानडे यांच्यावर बोलण्यास सांगण्यात आले. विषय मोठा आणि वक्ता लहान, हे नेहमीचे वाक्य मी आज केवळ विनयाने उच्चारीत नाही. रानडे यांच्या इतिहासलेखनावर बोलण्याचा अधिकार इतिहासकारांचा, अर्थविचारावर बोलण्याचा अधिकार अर्थशास्त्रज्ञांचा आणि त्यांच्या निकालपत्रांवर बोलण्याचा अधिकार कायदेपंडितांचा. माझ्यासारख्या साध्या बी. ए. झालेल्या सरकारी नोकराने यांपैकी कोठेही पाऊल टाकू नये हेच बरे. परंतु एक बाजू अशी आहे की, जिच्याविषयी बोलण्याचा थोडाफार हक्क मला आणि या सभागृहात बसलेल्या पुष्कळांना आहे. रानडे हे जवळजवळ तीस वर्षे सरकारचे पगारी नोकर होते. त्यांच्या बदल्या झाल्या, त्यांच्याविषयी वरिष्ठांच्या मनात किंतु होता, त्यांच्या पत्रांवर नजर होती. आणि एवढे सगळे असूनही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्राचे सार्वजनिक जीवन कोणी उभे केले, असे विचारले तर पहिले नाव त्यांचेच घ्यावे लागते. हे त्यांना कसे साधले, आणि त्याची किंमत त्यांनी काय दिली, एवढाच आजचा माझा विषय आहे.

आपल्या मंडळाचे बहुसंख्य सभासद पहिल्यापासून बदलीवर आलेले लोक आहेत. रेल्वे, टपाल, लेखापरीक्षण, आयकर, सीमाशुल्क अशा खात्यांतून माणसे येतात, चार-पाच वर्षे राहतात, गणपतीची वर्गणी गोळा करतात, नाटकात कामे करतात आणि एक दिवस बदलीचा हुकूम घेऊन निघून जातात. आपण सरकारी माणसे, आपल्याला सार्वजनिक कामात पडता येत नाही, हे वाक्य अशा लोकांच्या तोंडी वारंवार येते. ते अगदीच खोटे नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ हे ज्यांनी वाचले आहेत त्यांना राजकारणाविषयीचा पाचवा नियम, वृत्तपत्रांविषयीचा आठवा आणि शासनावरील टीकेविषयीचा नववा नियम ठाऊक असतील. तथापि हे नियम स्वतंत्र देशातल्या, संविधानाचे संरक्षण असलेल्या नोकरांसाठी आहेत. रानडे परक्या सरकारचे नोकर होते, आणि त्यांच्या पाठीशी असे संरक्षण काहीही नव्हते. ही तुलना मनात ठेवून पुढचे ऐकावे, एवढी विनंती.

चरित्राचा तपशील बहुतेकांना शाळेपासून परिचयाचा आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. जन्म १८ जानेवारी १८४२, नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे. बालपण कोल्हापुरात. पुढे मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि १८६२ साली त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले : रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. म्हणजे ‘बी. ए.’ ही दोन अक्षरे आपल्या प्रांतात ज्यांनी प्रथम लावली त्यांपैकी हे एक. आमच्या वेळेपर्यंत त्या अक्षरांचा भाव बराच उतरला होता ही गोष्ट निराळी. १८६४ मध्ये एम. ए., १८६६ मध्ये एल्‌एल्‌. बी., नंतर सरकारात भाषांतरकाराचे काम, अक्कलकोट व कोल्हापूर संस्थानांत थोडा काळ नोकरी, एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन, आणि १८७१ साली पुण्यास प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून नेमणूक. येथून त्यांचे खरे कार्य सुरू होते.

पुण्यास ते आले तेव्हा सार्वजनिक सभा स्थापन होऊन दीड वर्ष झाले होते. २ एप्रिल १८७० रोजी ती स्थापन झाली व तिचे प्राण होते गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच ‘सार्वजनिक काका’. काका वकील होते, कोणाचे नोकर नव्हते. त्यांना सभेत उघडपणे उभे राहता येत होते. रानडे यांना ते शक्य नव्हते. या दोघांनी कामाची जी वाटणी केली ती पाहण्यासारखी आहे. काकांनी सभा भरवाव्या, सह्या मिळवाव्या, शिष्टमंडळे न्यावी. रानडे यांनी माहिती जमवावी, आकडे तपासावे, अर्जांचे मसुदे लिहावे. १८७७ च्या दिल्ली दरबारास खादीचा पोशाख करून गेलेले काका लोकांच्या डोळ्यांपुढे राहिले. पडद्याआडच्या लेखणीचे चित्र कोणी काढले नाही.

त्या लेखणीने काय केले? १८७२-७३ च्या सुमारास सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी सुरू केली. सारावाढीच्या विरुद्ध अर्ज गेले. १८७४-७५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानचे प्रतिनिधी असावेत अशी मागणी करणारा अर्ज तयार झाला. काँग्रेसचा जन्म होण्यास तेव्हा दहा वर्षे अवकाश होता, हे लक्षात घ्या. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती आणवून सरकारला पत्रांवर पत्रे लिहिली. दुष्काळी कामावरच्या मजुरांच्या मजुरीत जी कपात झाली तिच्याविरुद्ध आवाज उठविला. १८७८ पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले, आणि त्यातील लेखनाचा फार मोठा भाग रानडे यांचा होता. लेखांखाली सही नसे. पण लेखणी कोणाची हे पुण्यात सर्वांना ठाऊक होते, आणि सरकारलाही ठाऊक होते.

येथे एक शंका घेण्यासारखी आहे, आणि ती मी घेतो. दिवसा सरकारच्या न्यायासनावर बसावे व रात्री सरकारवर टीकेचे मसुदे लिहावे, यात दुटप्पीपणा नाही काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण त्या मसुद्यांच्या स्वरूपात आहे. सरकारी दप्तरात ज्याचे आयुष्य गेले आहे त्याने ते वाचले तर ती भाषा त्याला ओळखीची वाटेल. आधी वस्तुस्थिती, मग आकडे, मग सरकारचेच जुने ठराव आणि मग निष्कर्ष. त्यात शिवीगाळ नाही, गुपिते फोडलेली नाहीत, हाताखाली चाललेल्या खटल्यांचा उपयोग केलेला नाही. एखाद्या प्रामाणिक अधिकाऱ्याने वरिष्ठांपुढे जे टिपण ठेवावे तेच रानडे यांनी लोकांच्या वतीने ठेवले. फरक इतकाच की, ते टिपण कोणी मागितलेले नव्हते.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांगितलेली एक आठवण येथे देणे उचित होईल. सभेचे काम करीत असताना तरुण गोखल्यांना एकदा उबग आला. इतके कष्ट करून अर्ज लिहावयाचे आणि सरकारकडून ‘पोहोचला’ यापलीकडे उत्तर यावयाचे नाही, मग उपयोग काय, असे त्यांनी विचारले. रानडे यांच्या उत्तराचा आशय असा होता की, हे अर्ज नावापुरते सरकारला उद्देशून असतात. खरे म्हणजे ते लोकांसाठी असतात, त्यांनी या प्रश्नांवर विचार करावयास शिकावे म्हणून. आणि हे काम दुसऱ्या कोणत्याही फळाची अपेक्षा न ठेवता पुष्कळ वर्षे करावे लागेल, कारण या देशाला असले राजकारण अगदी नवीन आहे.

अर्थात सरकार स्वस्थ बसले नाही. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांच्या प्रकरणात पुण्यात जी चळवळ झाली तेव्हापासूनच ‘पुण्याचे ब्राह्मण’ हा मुंबई सरकारच्या चिंतेचा विषय होता, आणि १८७७ साली गव्हर्नर झालेल्या सर रिचर्ड टेंपल यांच्या मनात ती चिंता विशेष होती. १८७८ मध्ये रानडे यांची बदली नाशिकला झाली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या, आणि संशयाचे वारे सुटले. रानडे यांना तातडीने धुळ्यास जावयाचा हुकूम आला.

धुळ्याच्या दिवसांविषयी रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहिले आहे. मराठी स्त्रीने लिहिलेल्या आत्मपर लेखनात ते पुस्तक अग्रभागी आहे, आणि सरकारी नोकराच्या संसाराचे इतके खरे वर्णन मी तरी दुसरीकडे वाचलेले नाही. रानडे यांची टपाले उशिरा व फोडलेली अशी येत. एवढेच नव्हे, तर बंडवाल्यांच्या नावाने बनावट पत्रेही त्यांना येऊ लागली. ती जवळ ठेवली तर गुन्हा, आणि फाडून टाकली तर पुरावा नष्ट केल्याचा संशय. रानडे ती पत्रे आली तशी पोलिसांकडे पाठवून देत. तक्रार नाही, खुलासा नाही, अर्ज नाही. आप्तमित्रांना ही बदली फार जाचली. ज्याची बदली झाली तो माणूस मात्र कचेरीत वेळेवर जात होता आणि रात्री बायकोला शिकवीत होता. पुढे संशय निवळला. १८८१ च्या आरंभी ते मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट झाले.

गैरसोयीची बदली म्हणजे काय हे येथे कोणाला समजावून सांगावयास नको. आपल्यापैकी ज्यांना ती आली आहे त्यांना हेही ठाऊक आहे की, त्या वेळी मनात दोनच विचार येतात : राजीनामा द्यावा, नाहीतर ज्याच्यामुळे हे घडले त्याच्या पाया पडावे. रानडे यांनी दोन्ही केले नाही. राजीनामा दिला असता तर वकिलीत त्यांनी पगाराच्या कितीतरी पट मिळविले असते. पण मग पुढच्या पंधरा वर्षांत दख्खनच्या शेतकऱ्यासाठी न्यायखात्याच्या आत राहून जे करता आले ते बाहेरून करता आले नसते. त्याकडे आता वळतो, कारण माझ्या मते रानडे यांच्या सेवेतील हा भाग सर्वांत मोलाचा आहे आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

१८७५ साली मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. दंग्याचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावागावांतून पसरले. त्यांनी माणसे फारशी मारली नाहीत; कागद जाळले. कर्जरोखे, खाती, हुकूमनामे. या कागदांत काय होते? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, शेतकऱ्याची पत वाढली, त्याने कर्ज काढले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. तिकडे १८६७ पासून इंदापूर वगैरे तालुक्यांत साऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी रोखा नवा करावा लागे. प्रत्येक वेळी व्याज मुद्दलात जाई आणि निरक्षर शेतकरी अंगठा करी. न्यायालयापुढे तो अंगठा आला की न्यायाधीशाचे हात बांधलेले असत. रोखा खरा, सही खरी, हुकूमनामा द्या. प्रतिवादी बहुधा हजरच नसे.

या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातील मूळ कल्पना त्या काळच्या कायदेपंडितांना धक्का देणारी होती. रोख्यावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता न्यायाधीशाने व्यवहाराचा मुळापासून इतिहास उकलावा, मुद्दल किती व व्याज किती हे वेगळे काढावे, हप्ते बांधून द्यावे. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. गावोगाव तडजोड घडवून आणणारे नेमले गेले, दस्तऐवज गावच्या पातळीवर नोंदविण्याची सोय झाली, लहान दाव्यांसाठी गावमुन्सफ आले. सार्वजनिक सभेच्या प्रेरणेने पुण्यात लवाद कोर्टाचा जो प्रयोग पूर्वी झाला होता त्याच्याशी यातील तडजोडीच्या कल्पनेचे नाते उघड आहे.

कायदा करणे सोपे, राबविणे कठीण, हे आम्हां कारकुनी पेशाच्या लोकांना वेगळे सांगावयास नको. या कायद्याखाली विशेष न्यायाधीशाचे मदतनीस म्हणून रानडे १८८१ मध्ये नेमले गेले आणि पुढे १८८७ मध्ये स्वतः विशेष न्यायाधीश झाले. मधल्या काळात १८८४ साली ते पुण्यास स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीशही होते. विशेष न्यायाधीशाचे काम एका खुर्चीत बसून होणारे नव्हते. जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरावे, तालुक्याच्या दुय्यम न्यायाधीशांचे निकाल तपासावे, तडजोड करणाऱ्यांचे काम पाहावे, चुकले असेल तेथे दुरुस्त करावे आणि वर्षअखेर अहवाल पाठवावा. बैलगाडीचा प्रवास, तंबूतला मुक्काम, आणि दृष्टी आधीच अधू. ज्या शेतकऱ्याच्या स्थितीवर त्यांनी सभेच्या त्रैमासिकातून लिहिले त्याच शेतकऱ्याचे हिशेब आता सरकारी अधिकारी म्हणून त्यांच्यापुढे येत होते. टीका करणाऱ्याला ती टीका दूर करण्याचे काम मिळावे, असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. ज्या सरकारने त्यांना धुळ्यास पाठविले त्याच सरकारने दोन वर्षांत हे काम त्यांच्या हाती दिले, हेही त्या सरकारच्या बाजूने नोंदविले पाहिजे.

या कायद्याने शेतकऱ्याचा उद्धार झाला असे मी म्हणणार नाही. सावकार हुशार होते. गहाणखतावर न्यायालय इतिहास विचारते असे दिसताच त्यांनी गहाणाऐवजी खरेदीखतेच लिहून घेण्यास सुरुवात केली; तोंडी बोली गहाणाची, कागद विक्रीचा. शिवाय जुन्या कर्जाचा हिशेब लावला तरी नव्या हंगामाला बियाणे कोण देणार, हा प्रश्न राहिलाच. रानडे यांनी तो नेमका ओळखला होता. सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढण्याची जी योजना मांडली तिला त्यांचा पाठिंबा होता. विलायतेच्या सरकारने ती फेटाळली. तरीही १८९१ च्या सुमारास औद्योगिक परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधात त्यांनी युरोपातील देशांची उदाहरणे देऊन जमिनीच्या तारणावर स्वस्त कर्ज देणाऱ्या संस्थांचा पुरस्कार पुन्हा केला. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला. तो पाहावयास ते नव्हते.

आता या आपल्या शहराकडे येतो. १८८६ साली हिंदुस्थान सरकारने खर्चात काटकसर सुचविण्यासाठी सर चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली एक वित्त समिती नेमली आणि तिच्यावर मुंबई इलाख्यातर्फे रानडे यांची नेमणूक झाली. त्या निमित्ताने सिमला आणि कलकत्ता येथे त्यांचा मुक्काम पडला. रमाबाई बरोबर होत्या. बदलीवर इथे आलेल्या मराठी कुटुंबांत हे एक पहिले म्हणावयास हरकत नाही. कलकत्त्यास आल्यावर येथील वृत्तपत्र आपल्याला वाचता येत नाही याची रानडे यांना लाज वाटली. त्यांनी बंगालीची प्राथमिक पुस्तके आणविली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मुळाक्षरांपासून सुरुवात केली. सकाळी हजामत चालली असता हातात बंगाली पुस्तक धरून ते न्हाव्याला शब्दांचे उच्चार व अर्थ विचारीत. हे पाहून रमाबाईंनी थट्टा केली, तेव्हा दत्तात्रेयाने चोवीस गुरू केले होते याची त्यांनी आठवण करून दिली. पुढे त्यांनी रमाबाईंनाही बंगाली शिकविले. या शहरात दहा-दहा वर्षे राहून दुकानाची पाटी वाचू न शकणारे आपल्यातील काही सद्‌गृहस्थ मला माहीत आहेत. त्यांची नावे मी घेत नाही. ते येथे उपस्थित आहेत.

काँग्रेसशी रानडे यांचे जे नाते होते त्यातही नोकरीची मर्यादा त्यांनी कशी सांभाळली ते दिसते. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात पहिले अधिवेशन भरले तेव्हा ते उपस्थित होते, पण प्रतिनिधी म्हणून नव्हे. सरकारी नोकर म्हणून त्यांनी ऐकावयाचे होते, ठरावात भाग घ्यावयाचा नव्हता. मात्र ज्या क्षेत्रात सरकारी नोकरीची अडचण नव्हती तेथे त्यांनी हात राखला नाही. १८८७ साली मद्रासला काँग्रेसच्या जोडीने सामाजिक परिषद सुरू झाली. तिच्या उभारणीत दक्षिणेतील मराठी घराण्यातले दिवाणबहादूर रघुनाथराव आणि रानडे हे प्रमुख होते. त्यानंतर दरवर्षी नाताळात, स्वतःच्या खर्चाने, देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात जाऊन त्यांनी ही परिषद चालविली. १८९५ साली पुण्यातच काँग्रेसच्या मंडपात परिषद भरू देण्यास विरोध झाला, तेव्हा त्यांनी वाद न वाढविता परिषद दुसरीकडे भरविली. ज्या गावात त्यांनी बावीस वर्षे सार्वजनिक काम उभे केले तेथे हे घडले. त्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

त्यांच्या आयुष्यातील कमीपणाच्या दोन गोष्टी मी टाळणार नाही, कारण सुवर्णमहोत्सवी ग्रंथ म्हणजे स्तोत्रांचा संग्रह नव्हे. १८७३ साली पहिल्या पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या एकतीस वर्षांच्या माणसाने असे केले याबद्दल सुधारक आणि सनातनी दोघांनीही त्यांना बोल लावला, आणि तो योग्यच होता. दुसरी गोष्ट पंचहौद मिशनमधील चहाची. १८९० साली तेथे चहा घेतल्यावरून पुण्यात ग्रामण्य झाले आणि १८९२ मध्ये रानडे यांनी, आपल्यामुळे मित्र अडचणीत येऊ नयेत म्हणून, प्रायश्चित्त घेतले. धुळ्यात सरकारपुढे न वाकलेला माणूस घरच्या आणि जवळच्या माणसांपुढे वाकला. याचे समर्थन मी करीत नाही. इतकेच म्हणतो की, ती अकरा वर्षांची मुलगी त्यांच्या हाताखाली शिकून रमाबाई रानडे झाली, आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले त्यामागे तीच होती. पहिल्या घटनेचा दोष त्यामुळे पुसला जात नाही.

न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्या अकाली निधनानंतर नोव्हेंबर १८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. हे पद मिळावयास त्यांना बावीस वर्षे लागली. वय एक्कावन्न. आता बदलीची भीती नव्हती, गोपनीय शेरे नव्हते. पण जीवनक्रम बदलला नाही. दिवसभर न्यायालय, आणि सकाळ-संध्याकाळ विद्यापीठ, प्रार्थना समाज, सामाजिक परिषद, लेखन. विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत मराठीला स्थान मिळावे म्हणून ते अखेरपर्यंत झगडले. ‘मराठी सत्तेचा उदय’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास गोखले विलायतेस गेले त्या साक्षीच्या तयारीत रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांचा मोठा वाटा होता. हे जोशी सार्वजनिक काकांहून वेगळे. नावाच्या आद्याक्षरांमुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. तेही सरकारी शाळेत शिक्षक होते. तेव्हा हिंदुस्थानच्या लष्करी व मुलकी खर्चावरील त्या काळची सर्वांत सडेतोड साक्ष तयार करणाऱ्या तिघांपैकी दोघे सरकारचा पगार घेत होते.

उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असतानाचा एक प्रसंग गोखल्यांनी नोंदविला आहे. १८९४ च्या सुमारास एका प्रवासात रानडे यांचे अंथरूण पहिल्या वर्गाच्या डब्यात होते आणि ते शेजारच्या डब्यात मित्रांशी बोलत बसले होते. सोलापूर स्टेशनात एक तरुण इंग्रज अधिकारी चढला व त्याने ते अंथरूण खाली फेकून बाकावर स्वतःचा पसारा मांडला. रानडे परत आले, काही बोलले नाहीत, आणि दुसरीकडे निजले. पुण्यास उतरताना हे गृहस्थ कोण आहेत हे त्या इंग्रजाला कळले, तेव्हा तो क्षमा मागावयास पुढे आला. रानडे यांनी पाठ फिरविली आणि ते चालू लागले. दुसऱ्या दिवशी, हे प्रकरण पुढे न्यावयाचे काय, असे गोखल्यांनी विचारले. त्यावर रानडे यांनी उलट विचारले की, आपण आपल्याच अस्पृश्य बांधवांना कसे वागवितो? तिथे आपले हात स्वच्छ आहेत काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे यांच्या जयंतीनिमित्त भाषण केले आणि समाजसुधारणेसाठी ज्या थोर पुरुषांनी खस्ता खाल्ल्या त्यांत रानडे यांची गणना केली. बाबासाहेबांची स्तुती स्वस्त नसे.

१९०० च्या डिसेंबरात लाहोरला सामाजिक परिषद होती. परिषद सुरू झाल्यापासून प्रकृतीमुळे तिला जाता न येण्याची ही पाळी त्यांच्यावर आली. त्यांचे भाषण घेऊन गोखले गेले. जानेवारीत त्यांनी रजा घेतली आणि १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर आला असता, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर नारायण गणेश चंदावरकर आले. आदल्याच महिन्यात, लाहोरला, ते काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते.